सकाळचे साडेसहा, तळजाई

पुणे,
फेब्रुवारीची अखेर

प्रिय,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट मिळाली. निम्म्या नोटेत तुझ्या बुटांखाली बर्फ कुरकुरतोय आणि उरलेल्या निम्मीत तू मला शिव्या घालते आहेस. ऐकून फार बरं वाटलं. एडमंटनला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझी मुलं इंग्रजीत भांडायला लागली, पण तुझ्या शिव्या अजून अस्सल मिरजेच्या आहेत. "तू आणि सकाळी साडेसहाला टेकडीवर? कुणाला शेंडी लावतेस?" असं म्हणालीस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. मला उठवायचं तर पांघरूण ओढून भागत नाही, गादीच ओढावी लागते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

पण शेवटी तुझा आवाज जरा खाली आला आणि तू विचारलंस, "खरं सांग, टिकलं कसं? माझं जानेवारीत सुरू झालेलं जिम फेब्रुवारीत आटोपलंसुद्धा." याचं उत्तर फोनवरच देणार होते, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? म्हणून हे पत्र. आता मध्येच बोलून दाखव.

आधी इकडची हवा सांगते, म्हणजे तुझा थोडा जळफळाट होईल. थंडी गेली. सकाळी एक पातळ शाल पुरते आणि चढ लागला की तीही कमरेला. तळजाईवर सध्या गिरिपुष्प फुललंय. पानं सगळी झडलेली, नुसत्या करड्या फांद्या आणि त्यांना खालपासून वरपर्यंत चिकटलेली फिकट गुलाबी फुलं. झाडांतले जाणकार नाक मुरडतात. म्हणतात, हे मध्य अमेरिकेतलं झाड वनखात्याने टेकड्यांवर भरमसाट लावलं आणि आपली झाडं मागे पडली. मला ते पटतं. तरी फुलं बघायला मी थांबतेच. तत्त्वांशी तडजोड करायला आपण हॉस्टेलच्या मेसमध्येच शिकलो.

तर सुरुवात रिपोर्टने झाली. आपल्या तरुणपणी घरात धांदल उडायची ती स्थळ सांगून आलं की. आता रिपोर्ट आला की उडते. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर लेकीने मागे लागून सगळ्या तपासण्या करायला लावल्या आणि माझी एचबीएवनसी निघाली ६.१. ही तपासणी मोठी हुशार आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी ती सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी शहाण्यासारखं वागून तिला फसवता येत नाही. ५.७ च्या खाली असली की ठीक, ६.५ झाली की मधुमेह, आणि मी बरोबर मधल्या गल्लीत. डॉक्टर म्हणाले, "अजून तुमच्या हातात आहे." मला काही हे वाक्य आवडलं नाही. माझ्या हातात काय काय आहे, याची यादी आधीच कमी नव्हती.

मी त्यांना म्हटलं, अहो, पण मी बारीक आहे! तू मला काडी म्हणायचीस, ती मी अजून बरीचशी काडीच आहे. फक्त मध्ये एक गाठ आली आहे. डॉक्टर नुसते हसले. घरी आल्यावर लेकीने एक फोटो पाठवला. आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन, शेजारी शेजारी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन दोघांचंही मापात. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२! आणि त्यांनीच मिश्कीलपणे लिहून ठेवलंय की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत जाऊन आत शिरणं. स्वतःच्या चरबीचा आकडा जगापुढे ठेवणारा शास्त्रज्ञ मला फार आवडला बाई. आपण भारतीय वरून सडपातळ दिसलो तरी आतून चांगलेच लठ्ठ असू शकतो, हे त्या एका फोटोत कळतं. मी पोट धरून हसले आणि मग गप्प झाले, कारण लिफ्टमागे धावायचा व्यायामसुद्धा मला नव्हता. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. ती कुणाच्या तोंडावर दार लावत नाही.

मग घाबरले. आईचं तुला माहीतच आहे. ते शेवटचे महिने, तिचा पाय, आणि तू रात्रीच्या गाडीने आली होतीस ते. सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी एका दिवसात साखर, भात, बटाटा, मैदा यांना घराबाहेर काढलं. पहाटे उठून गच्चीत फेऱ्या मारायला लागले. तुला सांगते, ती भीती मला जेमतेम संक्रांतीपर्यंत पुरली. मग गुळाची पोळी आली. भीती काही खोटी नव्हती, पण रोज उठून आधी मरणाची आठवण काढायची आणि मग बुटांच्या नाड्या बांधायच्या, हे कुणाला झेपतं? थोड्या दिवसांनी मन ऐकेनासंच होतं.

नंतर काही दिवस लाजेवर काढले. भाचीचं लग्न आणि आईच्या पैठणीवरचं ते मोरपंखी ब्लाउज. ब्लाउज बसलं, लग्न लागलं, मठ्ठा-जिलेबी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून माझं घोडं पुन्हा पेंड खायला मोकळं.

या सगळ्यात सल्ल्यांचा पाऊस. आमच्या सोसायटीत दीक्षित आणि दिवेकर असे दोन पंथ आहेत, हे तुला मागे सांगितलं होतं. एकांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा आणि तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. दुसऱ्यांचं म्हणणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, साजूक तूप सोडू नका. दोन्हीकडची माणसं हुशार आहेत आणि दोन्हीकडे बारीक झालेलेही आहेत, ते सोड. गंमत आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांनी दोन्ही पंथांची दीक्षा घेतली. दर दोन तासांनी खायला बसतात आणि दर वेळी पंचावन्न मिनिटं.

लेकीने बंगळुरूहून मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार पावलं, असा हुकूम. मी चार दिवस त्या आकड्याच्या मागे घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. सासूबाईंना वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. मग एके दिवशी सहज म्हणून ते घड्याळ कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात बांधलं. त्या पाच घरची कामं करतात. दुपारच्या आतच घड्याळात फटाके उडायला लागले. "वहिनी, हे काय करतंय?" "शाबासकी देतंय तुम्हाला." "शाबासकी घड्याळ देणार, मग पगार कोण वाढवणार?" वाढवावा लागला ना! ते घड्याळ मला फार महागात पडलं.

आणि दहा हजारांचं मूळ कळल्यावर तर मी लेकीला फोनच लावला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, पुढच्या वर्षी तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि विक्रीसाठी हा गोल गरगरीत आकडा पुढे केला. बास. पुढे हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांची पावलं मोजली. २०१९ मध्ये छापून आलं, की दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. मी लेकीला म्हटलं, जाहिरातीतला आकडा आईवर कसला लादतेस? ती म्हणाली, "बरं मग, साडेसात हजार चाल." वकील व्हायला हवी होती.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरांना न सांगितलेलं कारण तुला सांगते. मी टेकडीवर जायला लागले, कारण आमचे साहेब रिटायर झाले.

हसू नकोस. तुझे अजून नोकरीत आहेत, तुला काय कळणार! रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात सुधारणा करायचं मनावर घेतलं. सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीवर नुसतं 'मेथीदाणे' नाही. 'मेथीदाणे, आणल्याची तारीख, संपण्याची अंदाजे तारीख'. गॅसचा सिलिंडर किती दिवस जातो, याची वही घातली. आणि सकाळी सव्वासहाला, माझ्या घशाखाली चहाचा पहिला घोट उतरायच्या आत, पेपरमागून प्रश्न: "आज भाजी कोणती?" तीस वर्षांत ज्या माणसाने ताटात काय आहे हे न बघता डबा संपवला, त्याला आता सव्वासहाला भाजी कळायला हवी! एके दिवशी मी कप ठेवला, चपला घातल्या आणि "येते जरा" म्हणून बाहेर पडले. कुठे जायचं हे ठरलेलंही नव्हतं. पाय तळजाईकडे वळले.

चढ चढताना दम लागला, छाती धडधडली, पोटरी आखडली. वर एका दगडावर बसले. समोर पर्वतीचं देऊळ, त्यामागे धुरकट पेठा. कुठूनतरी मोर ओरडला. आणि मग लक्षात आलं, की इतका वेळ मला कुणी हाक मारलेली नाही. आई, माझा चार्जर. सूनबाई, माझा चष्मा. अगं, ऐकलंस का. वहिनी, साबण संपला. मॅडम, ओटीपी सांगा. काही म्हणजे काही नाही. तू हॉस्टेलच्या गच्चीवर एकटी जाऊन बसायचीस आणि आम्ही तुला शिष्ट म्हणायचो, आठवतं? त्या दिवशी तुझी माफी मागावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. साखर मनातसुद्धा नव्हती. मला तो दगड हवा होता.

तुला वाटेल, एवढंसं कारण! पण बघ, तब्येत सुधारेल हे बक्षीस कधीतरी पुढे, तेही मिळेल न मिळेल. माझा दगड मात्र रोज साडेसहाला रोख मिळायचा. 'तब्येतीसाठी' हे कारण डॉक्टरांचं होतं, लेकीचं होतं, साहेबांच्या वहीचंही होतं. त्यात माझं मेलं काही नव्हतं. दुसऱ्यांच्या कारणांसाठी मी आयुष्यभर उठलेच की! डब्यासाठी, शाळेच्या रिक्षासाठी, पाहुण्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी. तसंच आणखी एकदा उठायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. हे उठणं वेगळं निघालं.

पुढची गंमत ऐक. पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, "मीही येतो उद्यापासून. सोबत होईल." माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. काय सांगावं! शेवटी म्हटलं, आमचा बायकांचा ग्रुप आहे, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. तेव्हा ग्रुप कसला, मी आणि मोर. पण बोलून बसले होते, मग ग्रुप जमवणं आलं. गेटपाशी रोज दिसणाऱ्या बाईंकडे बघून हसले, त्या हसल्या आणि जमलंच सगळं. साहेब आता सारसबागेत जातात. तिथे त्यांना वहीत नोंदी ठेवणारे आणखी दोघे भेटले आहेत. सुखात आहेत.

या बाई बँकेतून रिटायर झालेल्या. साडेसहाला गेटपाशी उभ्या असतात, पाच मिनिटं वाट बघतात आणि निघतात. मी एखाद्या दिवशी चुकवलं तर रागवत नाहीत, काउंटरवर सही जुळली नाही की चष्म्यावरून वर बघायच्या ना, तसं बघतात आणि विचारतात, "काल बरं नव्हतं का?" त्या एका प्रश्नाला घाबरून मी ताप नसेल तर जाते. चढताना आम्ही बोलत नाही. तो वेळ माझा. बोलणं सगळं उतरताना, आणि तेव्हा मात्र तुझी उणीव भासावी इतकं. आणखी दोघी येऊन मिळाल्या आहेत. त्यांतली एक खाली उतरल्यावर गाडीवर कारल्याचा रस पिते, डोळे मिटून, एका दमात. मग तोंड पुसते आणि पलीकडच्या गाडीवर वडापाव खाते. म्हणते, कडू आत गेलं की तेलकटाचं पाप लागत नाही. या सिद्धान्ताला अजून कुणी आव्हान दिलेलं नाही. मी त्या रसाच्या वाटेला जात नाही. टेकडी चढून आल्यावर वर कारलं पिण्याइतकी मी वाईट वागलेले नाही.

दिवाळीत सगळं कोसळलं. ते तर होणारच होतं! फराळ, पाहुणे, नणंदेचं कुटुंब, रात्रीचे पत्ते. भाऊबीज झाली, सगळे गेले, तरी मी उठेना. मला वाटलं, झालं, आपलं नेहमीचं. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, मग माझी कशी सुटली? हे मी लेकीला बोलले आणि तिने आणखी एक कात्रण धाडलं. ते एकवीस दिवसांचं प्रकरण मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून निघालं. नवं नाक, नवा चेहरा रुग्णांच्या अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस जातात, असं त्यांनी १९६० च्या एका पुस्तकात लिहिलं. लोकांनी 'निदान' गाळला आणि नाकाची गोष्ट व्यायामाला लावली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर नीट अभ्यास केला तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८ पासून पार २५४ पर्यंत फरक. त्यातलं मला सर्वांत आवडलं ते हे, की एखादा दिवस बुडला म्हणून सवय लागण्यात काही मोठं बिघडत नाही. तू आणि मी एक दिवस बुडला की आख्खं वर्ष बुडवणाऱ्या. तुझ्या त्या मोसंबी-व्रताचं काय झालं होतं, ते मी इथे लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

सणासुदीच्या सुट्टीने सवय मोडणं हे जगभर चालतं म्हणे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केटी मिल्कमन यांनी एक गमतीदार प्रयोग केला होता. लोकांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण अट अशी, की त्या फक्त जिममध्येच ऐकायच्या. पुढे काय झालं या उत्सुकतेपोटी मंडळी आधी जोरात जायला लागली, आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी झाली तसा उत्साह ओसरला. म्हणजे त्यांचीही दिवाळीच झाली! कल्पना मात्र मी उचलली. आता रहस्यकथा फक्त रविवारी, बँकवाल्या बाई येत नाहीत तेव्हा, चढताना कानात. खून टेकडीच्या पायथ्याशी होतो आणि गुन्हेगार सापडत नाही तोवर मी वळत नाही.

आणि त्या दिवाळीनंतर मला उठवलं कोणी? बाईंनीच. फोन आला, "टेकडी आहे हो अजून जागेवर." एवढंच बोलून ठेवला.

खाण्याचं म्हणशील तर मी फार काही केलेलं नाही. चहातली साखर हळूहळू कमी करत बंद केली, आणि तुला सांगते, साखर सोडणं सोपं, पण सोडली हे लोकांना सांगणं फार अवघड. आपल्याकडे बिनसाखरेचा चहा मागितला की समोरची बाई आवाज खाली आणून विचारते, "कधी निघाला?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तर यजमानीण बाईंनी माझा हात हातात घेऊन अर्धा मिनिट सोडला नाही. बाकी, सणाला पुरणपोळी खाते. एक, तुपासकट, बसून, चव घेऊन. दुसरीसाठी "माझी शपथ" झाली तर शपथ मोडते. आजवर कुणाला काही झालेलं नाही.

आता जे सांगायला खरं तर पत्र लिहायला बसले ते. सासूबाई. शहाऐंशी पूर्ण. अजून जमिनीवर मांडी घालून मेथी निवडतात आणि उठताना हात टेकत नाहीत. गुडघे थोडे पुढे, पदर सावरला, अंग किंचित झुकवलं आणि उभ्या. मी बघत राहते. रात्री जेवणानंतर त्या न चुकता शतपावली घालतात. दारापासून देवघरापर्यंत आणि परत. मी त्यांना सांगितलं, की न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर अभ्यास केला. दिवसात कधीतरी एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललेलं साखरेला जास्त चांगलं निघालं, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर सर्वांत जास्त. त्या म्हणाल्या, "हो का? बरं झालं त्यांना कळलं ते."

तेव्हापासून रात्री मीही त्यांच्याबरोबर चालते. पॅसेज इतका अरुंद, की वळताना एकीला थांबावं लागतं. एकदा मी सहज विचारलं, तुम्ही इतकी वर्षं कशी काय चुकवली नाहीत? शिस्त कुणी लावली? त्या चालता चालताच म्हणाल्या, "शिस्त कसली! माझ्या सासऱ्यांचा दंडक होता, शतपावली चालू असताना बाईमाणसाला हाक मारायची नाही, अन्न पचत नाही. दिवसभरात तेवढंच मला कुणी काम सांगत नसे. मग मी कधी कधी दोनशे घालायची."

बाई गं. मी वळायच्या जागी उभीच राहिले. एका घरात आम्ही दोघी इतकी वर्षं राहिलो, एकमेकींच्या चुका काढल्या, आमटीत गूळ किती यावर रुसलो, आणि या बाईचं कारण तेच माझं कारण! त्यांना अर्थात मी दगडाचं काही सांगितलं नाही. कदाचित त्यांना ठाऊक असेल. सकाळी मी निघताना त्या आता "येताना कोथिंबीर आण" म्हणत नाहीत. आधी म्हणायच्या.

रिपोर्ट परवा आला. ५.८. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, लेकीने नाचणाऱ्या बाईचं चित्र पाठवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण ६.१ च आला असता तरी मी दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेटपाशी असते, एवढं नक्की.

तर आता तू. तुझं जिम बंद पडलं यात मला काही नवल वाटत नाही. ते तुझं नव्हतंच. मुलाने वाढदिवसाला भेट दिलं, सुनेने वेळापत्रक करून दिलं, आणि तिथे सगळे कानात बोंडं घालून भिंतीकडे बघत धावणारे. तू! जी लोणावळ्याच्या बोगद्यातसुद्धा गप्प बसली नाही! तुला श्रोता लागतो, तुला दुकानांच्या काचांतली कापडं बघायला लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारायला लागतात. मग त्या तुमच्या अवाढव्य मॉलमध्ये का जात नाहीस? बाहेर उणे पंचवीस असेना का, आत चालायला कुणाची ना आहे? शेजारच्या त्या पंजाबी बाईंना घेऊन जा. दोघींचं हिंदी सारखंच वाईट आहे, छान जमेल. सुनेचं वेळापत्रक फ्रिजवर राहू दे. तुला काय आवडतं, ते तू ठरव. त्याला व्यायाम म्हणायचं नसेल तर म्हणू नकोस.

आणि आठवड्यातला एक दिवस मी तुला माझ्या साडेसहात घेते. ही किती मोठी गोष्ट आहे हे वरचं सगळं वाचून तुला कळलं असेल. रविवारचे माझे साडेसहा म्हणजे तुझ्याकडे शनिवारी संध्याकाळचे सहा. तू काचा बघत चाल, मी चढ चढते. खुनी एक आठवडा उशिरा सापडला तरी चालेल. चढावर मला बोलवत नाही, त्यामुळे तुझ्या मनासारखंच होईल. तू बोलशील, मी धापा टाकीन.

तेवढी तपासणी मात्र त्याआधी करून घे. तुझ्या बाबांनाही होता, हे तू विसरलीस तरी मी विसरलेले नाही. आकडा काय येतो ते कळव. खरा कळव.

तुझीच,
काडी